ब्रिटनच्या राजघराण्याचा खर्च नेमका कोणाच्या खिशातून होतो?

ब्रिटनच्या राजघराण्याच्या खर्चाचा विषय निघाला की दोन विधाने हटकून ऐकू येतात. पहिले असे की राजा आणि त्याचे कुटुंब करदात्यांच्या पैशावर जगते. दुसरे असे की राजा करदात्यांकडून काहीच घेत नाही, उलट आपल्या जमिनींचे सगळे उत्पन्न सरकारला देतो आणि त्यातला लहानसा हिस्सा तेवढा परत घेतो. गंमत अशी की दोन्ही बाजू एकाच आकड्यांच्या आधारे बोलतात. २०२५-२६ या आर्थिक वर्षासाठी ब्रिटिश सरकारने राजाच्या अधिकृत कामकाजाकरिता १३ कोटी २१ लाख पौंडांचे अनुदान मंजूर केले. हे अनुदान ज्या वर्षाच्या हिशेबावरून ठरले त्या २०२३-२४ मध्ये ‘क्राउन इस्टेट’ या अवाढव्य मालमत्तेला सुमारे ११० कोटी पौंड निव्वळ नफा झाला आणि तो पूर्णपणे सरकारी तिजोरीत जमा झाला. ११० मधून १३ वजा केले की राजघराणे फायद्याचा सौदा वाटते. पण ही वजाबाकी करण्याआधी ते ११० कोटी कोणाचे होते, हे ठरवावे लागते. खरा वाद आकड्यांचा नसून मालकीचा आहे, आणि म्हणूनच तो इतिहासात थोडे मागे गेल्याशिवाय समजत नाही.

मराठी वाचकाला यातला मूळ भेद परका नाही. होळकरांच्या राज्यात दौलत आणि खासगी असे दोन स्वतंत्र हिशेब असत. दौलतीचा पैसा राज्यकारभाराचा, तर खासगीचे उत्पन्न राणीच्या अखत्यारीतले. अहिल्याबाईंनी देशभर जे घाट, धर्मशाळा आणि मंदिरे उभी केली, त्यांचा खर्च त्यांनी खासगीतून केला, ही गोष्ट आजही आदराने सांगितली जाते, कारण सत्ता हाती असताना हे दोन हिशेब वेगळे ठेवणे सोपे नसते. ब्रिटनमध्ये आज राजाकडे तीन वाटांनी पैसा येतो. संसदेच्या कायद्याने मिळणारे अनुदान ही उघड उघड दौलतीची बाब आहे. स्कॉटलंडमधले बाल्मोरल आणि नॉरफकमधले सँड्रिंगहॅम यांसारखी, एकोणिसाव्या शतकात कुटुंबाने विकत घेतलेली मालमत्ता आणि त्यांची वैयक्तिक गुंतवणूक ही उघड उघड खासगीची बाब आहे. या दोहोंच्या मध्ये दोन ‘डची’ म्हणजे मध्ययुगीन जहागिरी आहेत, ज्या धड दौलतीत बसत नाहीत आणि धड खासगीतही बसत नाहीत. क्राउन इस्टेटविषयी सर्वांत जास्त बोलले जाते, पण डचींचा प्रश्न त्याहून अवघड आहे.

आधी क्राउन इस्टेट. मध्ययुगात इंग्लंडच्या राजाने सामान्य काळात आपल्या जमिनींच्या उत्पन्नावर राज्य चालवावे आणि युद्धासारख्या असाधारण प्रसंगीच संसदेकडे कर मागावा, अशी अपेक्षा असे. म्हणजे त्या जमिनींचे उत्पन्न राजाच्या चैनीसाठी नव्हते. न्यायाधीश, वकिलाती, अधिकारी आणि राजवाडा या सगळ्यांचा भार त्यावर होता. १६८८ च्या क्रांतीनंतर चित्र बदलले. सैन्य आणि आरमार यांचा खर्च संसदेने आपल्याकडे घेतला आणि तिसऱ्या विल्यमच्या काळात, १६९८ मध्ये, ‘सिव्हिल लिस्ट’ ही व्यवस्था आली. तिच्यानुसार मुलकी कारभार आणि राजवाडा यांच्यासाठी राजाला वर्षाला सात लाख पौंडांची तरतूद मिळाली. १७६० मध्ये गादीवर आलेल्या तिसऱ्या जॉर्जने वंशपरंपरेने आलेल्या या महसुलाचा ताबा संसदेकडे सोपवला आणि त्या बदल्यात वर्षाला आठ लाख पौंडांची ठरलेली रक्कम स्वीकारली. ही रक्कमही त्याला पुरली नाही आणि त्याची देणी संसदेला एकापेक्षा अधिक वेळा भागवावी लागली. पुढे हळूहळू मुलकी कारभाराचे खर्च सिव्हिल लिस्टमधून बाहेर काढले गेले आणि १८३० च्या सुमारास, चौथ्या विल्यमच्या काळात, ती केवळ राजवाड्याच्या खर्चाची यादी उरली.

१७६० चा हा प्रसंग आजच्या वादाचा कणा आहे. राजेशाहीचे समर्थक म्हणतात की तिसऱ्या जॉर्जने आपली मालमत्ता देशाला दिली, तेव्हापासून प्रत्येक राजाने राज्यारोहणाच्या वेळी तो करार पुढे चालू ठेवला, आणि राजाने कधी तो मोडला तर जमिनी त्याच्याकडे परत जातील. मला हा युक्तिवाद पटत नाही, आणि त्याचे कारण वर सांगितलेल्या इतिहासातच आहे. जॉर्जने जमिनींचे उत्पन्न सोडले, पण त्या उत्पन्नावर ज्या कारभाराचा भार होता तो भार कालांतराने पूर्णपणे संसदेने उचलला. आज कोणी राजा जमिनी परत मागू लागला, तर त्यांच्याबरोबर न्यायालये आणि वकिलाती चालवण्याचा खर्चही त्याने परत घ्यावा, असे म्हणावे लागेल. दुसरे असे की क्राउन इस्टेट ही कधीही एखाद्या माणसाची मालमत्ता नव्हती. ती राजपदाची होती. जो गादीवर बसेल त्याच्याकडे ती जाई, आणि गादीवर कोणी बसावे हे संसदेने कायदा करून ठरवल्याची उदाहरणे इंग्लंडच्या इतिहासात ठळक आहेत. आजच्या कायद्यातही स्थिती स्पष्ट आहे. १९६१ च्या क्राउन इस्टेट कायद्याखाली एक स्वतंत्र मंडळ ही मालमत्ता चालवते. राजा ती विकू शकत नाही, तिच्या व्यवस्थापनात लक्ष घालू शकत नाही आणि तिचे उत्पन्न त्याचे नसते.

आपल्याकडे अशाच प्रश्नाची चर्चा एका पिढीने जवळून पाहिली आहे. संस्थाने विलीन झाली तेव्हा कोल्हापूर, बडोदे, ग्वाल्हेर यांच्यासह शेकडो संस्थानिकांना तनखे देण्याचे ठरले आणि राज्यघटनेच्या २९१ व्या कलमाने त्यांना करमुक्तीसह हमी दिली. हे तनखे म्हणजे सोडलेल्या सत्तेचा आणि महसुलाचा मोबदला आहे, अशी सरदार पटेलांची भूमिका होती. पुढे इंदिरा गांधींच्या सरकारने राष्ट्रपतींच्या आदेशाने संस्थानिकांची मान्यता काढली, माधवराव शिंदे यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९७० मध्ये तो आदेश रद्द केला, आणि अखेर १९७१ मध्ये सव्विसाव्या घटनादुरुस्तीने तनखे बंद झाले. त्या वादातही एक बाजू ‘दिलेला शब्द’ म्हणत होती आणि दुसरी बाजू ‘राज्याचा महसूल मुळात जनतेचाच होता’ असे म्हणत होती. एक फरक मात्र महत्त्वाचा आहे. आपल्याकडे मोठे तनखे पुढच्या पिढीत कमी व्हावेत अशी रचना होती. ब्रिटनमध्ये आज जी रचना आहे तिचा कल उलट दिशेचा आहे.

ती रचना समजून घेण्यासाठी सिव्हिल लिस्ट का गेली हे पाहावे लागते. १९५२ मध्ये दुसरी एलिझाबेथ गादीवर आली तेव्हा तिच्यासाठी वर्षाला ४ लाख ७५ हजार पौंड ठरले होते. सत्तरच्या दशकातल्या महागाईत ही रक्कम सारखी वाढवावी लागली आणि प्रत्येक वाढीच्या वेळी संसदेत आणि वर्तमानपत्रांत वाद झाला. तो टाळण्यासाठी १९९१ पासून दहा वर्षांकरिता वर्षाला ७९ लाख पौंड अशी रक्कम एकदाच ठरवण्यात आली. प्रत्यक्षात महागाई अपेक्षेपेक्षा कमी राहिली, शिल्लक साठली आणि तोच आकडा २०१० पर्यंत पुरला. याशिवाय राजवाड्यांची देखभाल आणि प्रवास यांसाठी सरकारी खात्यांकडून वेगळी अनुदाने मिळत. २०११ च्या ‘सॉव्हरिन ग्रँट’ कायद्याने हे सगळे एकत्र केले आणि रक्कम ठरवण्यासाठी एक सूत्र बांधून दिले. दोन वर्षांपूर्वी क्राउन इस्टेटला जो नफा झाला असेल, त्याच्या १५ टक्क्यांइतके अनुदान राजाला मिळेल, असे ते सूत्र होते. २०१२-१३ मध्ये, नव्या व्यवस्थेच्या पहिल्या वर्षी, हे अनुदान ३ कोटी १० लाख पौंड होते.

या सूत्राविषयी एक गैरसमज इतका पसरलेला आहे की तो स्वतंत्रपणे दूर केला पाहिजे. क्राउन इस्टेटच्या नफ्यातले पैसे राजाकडे जात नाहीत. तो नफा शंभर टक्के सरकारी तिजोरीत जातो आणि अनुदान अर्थखाते इतर कोणत्याही खर्चाप्रमाणे सार्वजनिक पैशातून देते. टक्केवारी ही केवळ रक्कम मोजण्याची पट्टी आहे. एखाद्या ग्रामपंचायतीने सरपंचाचा भत्ता गावाच्या माळावर उभ्या राहिलेल्या पवनचक्क्यांच्या भाड्याशी जोडावा, तसे हे आहे. भाडे वाढले की भत्ता वाढेल, पण म्हणून भाडे सरपंचाचे होत नाही आणि त्याचे कामही वाढत नाही.

पवनचक्क्यांचा उल्लेख मी मुद्दाम केला, कारण ब्रिटनमध्ये नेमके तेच घडले. क्राउन इस्टेटकडे लंडनच्या रीजंट स्ट्रीटवरच्या इमारती, सेंट जेम्स भागातली मालमत्ता, शेतजमिनी आणि जंगले आहेतच, पण इंग्लंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंड यांच्या किनाऱ्यापासून बारा सागरी मैलांपर्यंतचा समुद्रतळही तिच्याकडे आहे. त्यापलीकडच्या समुद्रातही पवनऊर्जेसाठी परवाने देण्याचा अधिकार तिला २००४ च्या ऊर्जा कायद्याने मिळाला. जानेवारी २०२३ मध्ये समुद्रातल्या सहा नव्या पवनऊर्जा प्रकल्पांचे करार झाले आणि कंपन्यांनी जागा राखून ठेवण्यासाठी भरलेल्या शुल्कामुळे क्राउन इस्टेटचा नफा दोनच वर्षांत कित्येक पटींनी वाढला. २०२१-२२ मध्ये तो ३१ कोटी २७ लाख पौंड होता, २०२२-२३ मध्ये ४४ कोटी २६ लाख झाला आणि २०२३-२४ मध्ये ११० कोटींच्या घरात पोहोचला. करार जाहीर होताना तिसऱ्या चार्ल्सने ही अचानक आलेली वाढ व्यापक लोकहितासाठी वापरावी अशी इच्छा व्यक्त केली, आणि त्यानंतर टक्केवारी घटवून १२ वर आणण्यात आली.

टक्केवारी घटली, पण अनुदान घटले नाही. हे कसे झाले, ते समजण्यासाठी मधली एक गोष्ट सांगितली पाहिजे. बकिंगहॅम राजवाड्यातल्या विजेच्या तारा, नळ आणि तापवण्याची यंत्रणा जुनी आणि धोकादायक झाल्यामुळे दहा वर्षांत ३६ कोटी ९० लाख पौंड खर्चून ती बदलण्याचे ठरले, आणि त्यासाठी २०१७ पासून टक्केवारी १५ वरून २५ करण्यात आली होती. त्यामुळे अनुदान वाढत वाढत ८ कोटी ६३ लाख पौंडांवर गेले आणि तिथे काही वर्षे स्थिर राहिले. कायद्यात एक तरतूद अशी आहे की नफा कितीही कमी झाला तरी अनुदान आधीच्या वर्षापेक्षा खाली येत नाही. २०२४-२५ साठी नव्या १२ टक्क्यांच्या हिशेबाने सुमारे ५ कोटी ३१ लाख पौंड निघत होते, पण या तरतुदीमुळे ८ कोटी ६३ लाखच मिळाले. पुढच्या वर्षी ११० कोटींचे १२ टक्के झाले आणि अनुदान १३ कोटी २१ लाखांवर गेले. म्हणजे वाईट काळात आधाराची भिंत आहे आणि चांगल्या काळात छत नाही. वाढीव रक्कम राजवाड्याच्या दुरुस्तीच्या अखेरच्या टप्प्यासाठी आहे, असे स्पष्टीकरण देण्यात आले, आणि ते चुकीचे नाही. शिल्लक फार साठली तर अनुदान कमी करता येते, अशीही सोय कायद्यात आहे. तरीही एका सार्वजनिक पदाचा खर्च समुद्रातल्या पवनचक्क्यांच्या लिलावाला बांधणे मला मूळातच तर्काला सोडून वाटते. पदाच्या गरजा काय आहेत हे पाहून रक्कम ठरवावी आणि तिच्यावर संसदेत मोकळी चर्चा व्हावी, ही जुनी पद्धत कटकटीची असली तरी अधिक प्रामाणिक होती.

अनुदान खर्च कशावर होते हेही पाहिले पाहिजे, कारण ‘राजाला तेरा कोटी पौंड मिळाले’ हे वाक्य दिशाभूल करणारे आहे. ही रक्कम त्याचा पगार नाही. कर्मचाऱ्यांचे पगार, राजवाड्यांची देखभाल, अधिकृत प्रवास, परदेशी पाहुण्यांचे स्वागत आणि राजवाड्याच्या बागेतले मोठे समारंभ यांवर ती जाते आणि सरकारी लेखापरीक्षक तिचा हिशेब तपासतात. बकिंगहॅम आणि विंडसर हे राजाने विकण्याजोगे वाडे नाहीत. ते राष्ट्रासाठी सांभाळलेले आहेत, आणि उद्या राजेशाही गेली तरी त्यांच्या छपरांची गळती कोणाला तरी थांबवावीच लागेल. काटकसरीचे प्रयत्नही दिसतात. ‘ब्रिटानिया’ हे राजघराण्याचे जहाज १९९७ मध्ये निवृत्त झाले आणि २०२७ पर्यंत राजघराण्याची खास रेल्वेगाडीही बंद होणार आहे.

आता डचींकडे वळू. डची ऑफ लँकेस्टर राजाकडे असते. १३९९ मध्ये लँकेस्टर घराण्याचा चौथा हेन्री राजा झाला, तेव्हा आपला वडिलोपार्जित वारसा इतर राजमालमत्तेत मिसळू नये, अशी व्यवस्था त्याने केली आणि ती आजवर टिकून आहे. सुमारे अठरा हजार हेक्टर जमीन आणि लंडनच्या सॅव्हॉय भागातली मालमत्ता यांतून २०२४-२५ मध्ये राजाला २ कोटी ४४ लाख पौंड मिळाले. डची ऑफ कॉर्नवॉल १३३७ मध्ये तिसऱ्या एडवर्डने आपल्या मुलासाठी स्थापन केली आणि तिचे उत्पन्न गादीच्या वारसाला, म्हणजे सध्या राजपुत्र विल्यमला, मिळते. तिची जमीन पन्नास हजार हेक्टरांहून अधिक आहे. डार्टमूरच्या विस्तीर्ण माळरानाचा मोठा भाग तिचा आहे आणि लंडनमधले ओव्हल मैदानही तिच्याच जमिनीवर आहे. अजित वाडेकरांच्या संघाने १९७१ मध्ये इंग्लंडमधला आपला पहिला कसोटी विजय मिळवला तो याच मैदानावर, हे मराठी क्रिकेटप्रेमींना सांगायला नकोच. २०२३-२४ मध्ये या डचीने विल्यमला २ कोटी ३६ लाख पौंड दिले.

१७६० मध्ये तिसऱ्या जॉर्जने जे सोपवले त्यात डची नव्हत्या. लँकेस्टरचे उत्पन्न तेव्हा इतके क्षुल्लक होते की कोणी त्याकडे लक्ष देण्याचे कारण नव्हते. आज त्यांचा दर्जा असा आहे की ज्या बाजूने पाहावे तशा त्या दिसतात. त्या खासगी मालमत्ता आहेत असे सांगितले जाते, पण राजा किंवा राजपुत्र त्या विकून भांडवल घेऊ शकत नाही, मोठ्या व्यवहारांना अर्थखात्याची संमती लागते आणि त्यांचे हिशेब संसदेत मांडले जातात. ही सगळी सार्वजनिक मालमत्तेची लक्षणे झाली. दुसरीकडे त्या कंपन्यांप्रमाणे व्यवसाय करतात, भाडी घेतात, पण कंपन्यांवरचा कर आणि भांडवली नफ्यावरचा कर त्यांना लागू नाही, आणि अनुदानाचे हिशेब तपासणारे सरकारी लेखापरीक्षक डचींचे हिशेब तपासत नाहीत. त्यांच्या भाडेकरूंत सरकारी संस्थाही आहेत. डार्टमूरचा तुरुंग कॉर्नवॉलच्या जमिनीवर आहे आणि त्याचे भाडे सरकार भरते. लँकेस्टरच्या जुन्या हद्दीत कोणी वारस किंवा मृत्युपत्र न ठेवता मरण पावले, तर त्या व्यक्तीची मालमत्ता इतरत्र जशी सरकारकडे जाते तशी इथे जात नाही. ती डचीकडे जाते आणि तिचा काही भाग धर्मादाय कामांना दिला जातो. जी मालमत्ता राजपदामुळेच मिळते, राजपदाबरोबरच पुढे जाते आणि सामान्य नागरिकाला लागू असलेल्या करांतून सुटते, तिला खासगी म्हणणे मला मान्य होत नाही. राजघराण्याच्या खर्चाची चर्चा प्रामाणिकपणे करायची तर ती अनुदानाइतकीच डचींविषयीही व्हायला हवी, आणि नेमके तेच होत नाही.

कराचा प्रश्न याला लागूनच आहे. व्हिक्टोरिया राणीने १८४२ मध्ये प्राप्तिकर भरण्याचे मान्य केले होते, पण विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात सवलती वाढत गेल्या आणि राजा करमुक्त झाला. ही स्थिती बदलली ती एका आगीमुळे. २० नोव्हेंबर १९९२ रोजी विंडसर किल्ल्याला आग लागली. किल्ल्याचा विमा नव्हता आणि दुरुस्तीचा खर्च सरकार करील, असे एका मंत्र्याने लगेच जाहीर केले. देशात मंदी होती, लोकांच्या नोकऱ्या जात होत्या, आणि करातून सुटलेल्या राणीच्या किल्ल्यासाठी आपण पैसे का द्यावेत, असा संताप उसळला. आठवड्याच्या आत पंतप्रधान जॉन मेजर यांनी संसदेत सांगितले की राणी आणि युवराज पुढच्या वर्षापासून प्राप्तिकर भरतील. दुरुस्तीसाठी बकिंगहॅम राजवाडा उन्हाळ्यात लोकांना तिकीट लावून खुला करण्यात आला. एकूण खर्च सुमारे ३ कोटी ६५ लाख पौंड आला आणि त्यातला मोठा भाग या तिकिटांतून निघाला.

मात्र हा कर कायद्याने लागू झालेला नाही. तो सरकार आणि राजघराणे यांच्यातल्या एका सामंजस्यपत्रानुसार स्वेच्छेने भरला जातो. राजा डची ऑफ लँकेस्टरच्या उत्पन्नातून अधिकृत कामाचा खर्च वजा करतो आणि उरलेल्यावर कर भरतो. चार्ल्स युवराज असताना आपण किती कर भरला हे जाहीर करीत असत, तर विल्यम सर्वांत वरच्या दराने कर भरत असल्याचे सांगितले जाते, पण रक्कम सांगितली जात नाही. त्याच सामंजस्यपत्रात असेही आहे की एका राजाकडून दुसऱ्या राजाकडे जाणाऱ्या वारशावर कर नाही. सामान्य ब्रिटिश कुटुंबाला ठरावीक मर्यादेपलीकडच्या वारशावर ४० टक्के कर भरावा लागतो, पण २०२२ मध्ये आईकडून आलेल्या संपत्तीवर चार्ल्सना तो भरावा लागला नाही. पदाबरोबर येणारी संपत्ती प्रत्येक पिढीत करामुळे घटत जाऊ नये, हे त्यामागचे कारण सांगितले जाते. राजवाड्यांच्या बाबतीत ते समजण्यासारखे आहे, पण वैयक्तिक गुंतवणुकीच्या बाबतीत नाही.

आता जे कोणत्याही अनुदानाच्या हिशेबात दिसत नाही त्याविषयी. राजघराण्याच्या पोलीस संरक्षणाचा खर्च गृहखात्याच्या तरतुदीतून होतो आणि सुरक्षेच्या कारणास्तव तो जाहीर केला जात नाही. मोठे समारंभही वेगळे. दुसऱ्या एलिझाबेथच्या अंत्यदर्शनाचा आणि अंत्यविधीचा सरकारी खर्च सुमारे १६ कोटी २० लाख पौंड झाला आणि मे २०२३ मधल्या राज्याभिषेकाचा ७ कोटी २० लाख. राजघराण्यातली व्यक्ती एखाद्या गावी गेली की स्थानिक परिषद आणि पोलीस यांचा जो खर्च होतो तो त्यांच्या त्यांच्या अंदाजपत्रकात पडतो. राजेशाही संपवण्याची मागणी करणाऱ्या ‘रिपब्लिक’ या संघटनेने ही सगळी बेरीज करून २०२४ मध्ये वर्षाचा एकूण खर्च ५१ कोटी पौंड असल्याचे मांडले. या आकड्यात संरक्षणाचा अंदाज आहे आणि डचींचे उत्पन्न सरकारला मिळाले असते असे गृहीत धरून तेही खर्चात धरले आहे. म्हणून तो जसाच्या तसा स्वीकारता येत नाही. पण संरक्षण शून्य धरून केलेला राजवाड्याचा आकडाही स्वीकारता येत नाही. दर वर्षी ‘माणशी एक-दोन पौंड’ अशी बातमी येते, आणि १३ कोटी २१ लाखांना ब्रिटनच्या लोकसंख्येने भागले तर खरोखरच दोन पौंडांच्या आतली रक्कम येते. मोठ्या देशात कोणताही खर्च माणशी मांडला की किरकोळ दिसतो. त्यातून तो योग्य आहे की नाही, हे कळत नाही.

पर्यटनाचे कारण तर जपून वापरावे. राजवाडे पाहायला लोक येतात हे खरे, पण फ्रान्समध्ये दोन शतकांहून अधिक काळ व्हर्सायमध्ये राजा राहत नाही आणि तरीही तिथे गर्दी असते. म्हैसूरचा राजवाडाही सरकारच्या ताब्यात असूनच ओसंडून वाहतो. राजा असल्यामुळे किती लोक जास्त येतात हे वेगळे काढता येत नाही, आणि जे वेगळे काढता येत नाही ते जमेच्या बाजूला लिहू नये.

इतर देशांनी हा हिशेब अधिक सरळ ठेवला आहे. जपानमध्ये दुसऱ्या महायुद्धानंतरच्या राज्यघटनेच्या ८८ व्या कलमाने सम्राटाच्या घराण्याची सगळी मालमत्ता राष्ट्राची झाली आणि त्यांचा खर्च संसद दर वर्षी अंदाजपत्रकात मंजूर करते. तिथे सम्राटाने काही दिले आणि त्यातले काही परत घेतले, असे म्हणायला जागाच नाही. स्पेनमध्ये राजघराण्याच्या कामकाजासाठी राष्ट्रीय अंदाजपत्रकातून ठरलेली रक्कम मिळते, राजाचे वेतन जाहीर असते, आणि वडिलांच्या आर्थिक प्रकरणांनंतर सहाव्या फेलिपेने २०२२ मध्ये आपली वैयक्तिक संपत्तीही जाहीर केली.

ब्रिटनमध्ये उद्या राजेशाही संपली तर काय होईल, हा प्रश्न विचारून पाहिला की गुंता बराच सुटतो. क्राउन इस्टेट सरकारकडेच राहील आणि तिचा नफा आज जातो तिथेच जाईल, त्यामुळे ‘राजा गेला तर ११० कोटी जातील’ ही भीती निराधार आहे. राजवाड्यांची देखभाल करावी लागेल, आणि नव्या राष्ट्राध्यक्षालाही निवास, कर्मचारी, दौरे आणि संरक्षण लागेल, त्यामुळे आजचा सगळा खर्च वाचेल हेही खरे नाही. डचींचे वर्षाला चार-पाच कोटी पौंडांचे उत्पन्न कोणाकडे जावे, यावर मात्र मोठा कज्जा होईल, कारण ती मालमत्ता दौलत की खासगी, याचा निवाडा १३९९ पासून आजपर्यंत कोणी केलेला नाही. तो करण्यासाठी राजेशाही संपण्याची वाट पाहण्याची गरज नाही. डचींवर कंपन्यांचा कर लावणे, त्यांचे हिशेब सरकारी लेखापरीक्षकांकडे सोपवणे आणि संरक्षणाच्या खर्चाची निदान एकत्रित रक्कम जाहीर करणे, या तिन्ही गोष्टी ब्रिटिश संसद साध्या बहुमताने करू शकते.